रॉ फोटो ऑनलाइन कन्व्हर्ट करताना: कार्ड काढण्यापासून लॅबला फाइल देईपर्यंत

आखाजीच्या आगेमागे खान्देशात लग्नांची दाटी होते आणि त्याच दिवसांत एक तक्रार हमखास कानावर येते. फोटोवाल्याने पेनड्राइव्ह दिला, घरच्यांनी तो टीव्हीला लावला आणि पडद्यावर काहीच दिसेना. फायली आहेत, एकेक पंचवीस-तीस एमबीची आहे, पण उघडत नाही. मग घरातला एखादा चुलतभाऊ 'रॉ टू जेपीजी' असं शोधतो, पहिली दिसेल ती साइट उघडतो, सगळ्या फायली एकदम चढवतो. तासाभराने हाती येतात ते फोटो बारीक, काळपट किंवा गुलाबी झाक मारणारे.

हा लेख त्या चुलतभावासाठी आहे. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात नुकताच कॅमेरा हातात घेतलेल्यांसाठी आहे आणि हतनूरच्या पाण्यावर पक्षी टिपणाऱ्या हौशी मंडळींसाठीही आहे.

एक गोष्ट आधी पक्की करू. रॉ फाइलमध्ये सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागाची, कच्ची नोंद असते. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलवरून काढायचे, पांढरं कशाला म्हणायचं ते ठरवायचं, उजेड किती उचलायचा ते ठरवायचं, तेव्हा कुठे चित्र दिसतं. हे निर्णय कुणीतरी घेतंच. तुम्ही घेतले नाहीत तर साइट घेते, आणि मंडपात कसला उजेड होता हे तिला ठाऊक नसतं. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे. मधली पायरी गाळलीत तर पुढची बिघडते.

## १. मूळ फायली आधी सुरक्षित करा

कार्डावरून फायली कॉपी करा, कट करू नका. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. कार्ड रीडरमध्ये ठेवून थेट कार्डावरूनच साइटवर फायली चढवणारे बरेच जण आहेत. मधेच लाईट गेली, कार्ड हललं, तर अपलोड तर तुटतोच, पण कार्डही बिघडू शकतं. लग्न पुन्हा लागत नाही.

तपासा: कार्डावरच्या फोल्डरची फाइलसंख्या आणि एकूण आकार, कॉपी झालेल्या फोल्डरशी जुळतो का? जुळत असेल तर सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा काही फायली उघडून बघा.

सावधान: कन्व्हर्ट झालेले फोटो डोळ्यांनी तपासून होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. जेपीजी तयार झाली म्हणून रॉ पुसून टाकणं ही तर सगळ्यात महागडी चूक. जेपीजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावलीतला चेहरा पुढे उजळायचा असेल तर ती जास्तीची माहिती रॉमध्येच सापडते.

## २. हातातली फाइल कोणती आहे ते ओळखा

फाइलच्या नावाचं शेपूट बघा. कॅननची सीआर२ किंवा सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ, पॅनासॉनिकची आरडब्ल्यू२. अँड्रॉइड फोनमधून रॉ काढला तर बहुधा डीएनजी, आणि आयफोनचा प्रोरॉही डीएनजीतच येतो. आयफोनची साधी एचईआयसी फाइल मात्र रॉ नाही. तिच्यासाठी या लेखातली निम्मी कटकट करावी लागत नाही.

विंडोजमध्ये हे शेपूट बहुधा लपवलेलं असतं. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. ते लपलेलं असल्यामुळेच कुणीतरी फाइलला नाव देतो 'वरात.जेपीजी', आणि प्रत्यक्षात ती 'वरात.जेपीजी.सीआर३' असते.

सावधान: शेपूट हाताने बदलल्याने फाइल बदलत नाही. एनईएफ खोडून जेपीजी लिहिलं तरी आत एनईएफच राहते. असं कुणी केलं असेल तर मूळ शेपूट परत लिहा, फाइल बहुधा ठीक निघते.

इथेच आणखी दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, कॅमेरा नवा आहे का? सीआर३ हा प्रकार २०१८ मध्ये आला, त्यामुळे सीआर२ सहज घेणारी जुनी साइट सीआर३ नाकारू शकते. निकॉनच्या झेड ८, झेड ९ वर 'हाय एफिशियन्सी' पर्याय लावून काढलेली एनईएफ तर भल्याभल्या सॉफ्टवेअरना उघडत नाही. दुसरी, फोल्डरमध्ये एक्सएमपी नावाच्या छोट्या फायली आहेत का? लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली दुरुस्ती रॉच्या आत जात नाही, ती अशा सोबतच्या फाइलमध्ये किंवा लाइटरूमच्याच नोंदीत राहते. ऑनलाइन साइटला फक्त रॉ दिलीत तर ती दुरुस्ती मागेच राहील. अशा वेळी लाइटरूममधूनच एक्स्पोर्ट करा, साइटच्या वाटेला जाऊ नका.

## ३. फोटो कुठे जाणार, ते आधी ठरवा

'चांगल्या क्वालिटीत दे' याला काही अर्थ नाही. आकडा लागतो.

अल्बमसाठी हिशोब इंच गुणिले ३०० असा. १२ बाय ३६ इंचाचं उघडं पान म्हणजे ३६०० बाय १०,८०० पिक्सेल. त्याच्या अर्ध्यावर एकच फोटो बसवायचा तर ३६०० बाय ५४००. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० देतो, म्हणजे पुरून उरतो. लॅबकडून 'तीनशे डीपीआय पाहिजे', म्हणजे छापताना इंचामागे ३०० ठिपके, असा निरोप आला की काही जण घाबरतात, कारण फाइलच्या माहितीत ७२ लिहिलेलं दिसतं. तो आकडा निव्वळ चिठ्ठी आहे. पिक्सेल पुरेसे असतील तर ७२ लिहिलेली फाइलही तितकीच उत्तम छापते, आणि पिक्सेल नसतील तर ३०० लिहून काही होत नाही.

आता कुठला प्रकार. लॅबला आणि घरच्यांना जेपीजी, क्वालिटी ९० ते ९५. पुढे फोटोशॉपमध्ये बरंच काम व्हायचं असेल तर १६ बिट टिफ. पण चोवीस मेगापिक्सेलची एक टिफ दाबून लहान केली नाही तर १४४ एमबीच्या घरात जाते, तेव्हा ती निवडक फोटोंचीच काढा. पीएनजीत फोटो काढण्यात मला काहीच हशील दिसत नाही, फाइल फुगते आणि डोळ्याला फरक दिसत नाही. वेबपी वेबसाइटला चालते, पण अल्बमसाठी लॅबने मागितल्याशिवाय देऊ नका.

रंगाची जागा म्हणजे कलर स्पेस 'एसआरजीबी' ठेवा. अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या कलर स्पेसमधला फोटो रंगांची नीट दखल न घेणाऱ्या पडद्यावर मेलेला दिसतो, शालूचा लाल विटकरी होतो. निकॉन आणि सोनीच्या फाइलचं नाव अंडरस्कोअरने सुरू होऊन पुढे डीएससी असेल, किंवा कॅननचं अंडरस्कोअर एमजी असेल, तर कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर लावलेला होता असं समजा. रॉच्या मूळ नोंदीवर त्याचा परिणाम होत नाही, पण आत दडलेल्या जेपीजीवर होतो. ही दडलेली जेपीजी पुढे पुन्हा भेटेल.

## ४. साइट निवडताना

ऑनलाइन साधनांचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात फाइल तिकडच्या सर्व्हरवर जाते, तिथे बदलते, मग तुम्ही डाउनलोड करता. दुसऱ्या प्रकारात पान ब्राउझरमध्ये उघडतं पण काम तुमच्याच मशीनवर होतं. फोटोपी हे दुसऱ्या प्रकारचं. तिथे फाइल उघडायची आणि 'फाइल'मधून 'एक्स्पोर्ट अ‍ॅज', 'जेपीजी' करायचं. दहा-वीस फोटो असतील तर मी नेहमी दुसरा प्रकार सुचवतो. नेट वाचतं आणि घरच्यांचे फोटो घराबाहेर जात नाहीत.

लग्नाच्या फोटोंत लेकी-सुना असतात, लहान पोरं असतात, पाठीमागच्या भिंतीवर कधी पत्ता असतो, टेबलावर आहेराची वही उघडी असते. हे सगळं अनोळखी सर्व्हरवर टाकायचं की नाही, हा प्रश्न ज्यांचे फोटो आहेत त्यांना विचारा. सर्व्हरवर पाठवणारी साइट घ्यायचीच असेल तर फायली किती वेळाने पुसल्या जातात हे तिच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असावं, आणि आपणहून पुसायचं बटण असेल तर उत्तम.

तपासा: फाइल खरंच मशीनवरच राहते का? मोबाइलच्या सेटिंगमध्ये ब्राउझरने किती डेटा वापरला ते आधी आणि नंतर बघा. २५ एमबीची फाइल उघडल्यावर वापर तेवढाच वाढला तर फाइल बाहेर गेली.

सावधान: या साइटवर 'डाउनलोड' लिहिलेली मोठी रंगीत बटणं बऱ्याचदा जाहिरातींची असतात. तुमच्या हाती जेपीजी, टिफ किंवा झिप यायला हवी. एपीके किंवा ईएक्सई आली तर उघडू नका, लगेच पुसा. 'आधी हे अ‍ॅप घ्या, मग फोटो मिळेल' म्हणणारं पान तिथेच बंद करा.

## ५. एकच फाइल, आणि तीही अवघड

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण ही पायरी बहुतेक जण करतच नाहीत. सगळं चढवण्याआधी एक फाइल कन्व्हर्ट करून नीट तपासायची. ती फाइल सोपी निवडू नका. घराच्या ओट्यावरच्या सावलीतला फोटो कुठल्याही साइटवर बरा निघतो. भर दुपारच्या वरातीतला फोटो घ्या, ज्यात पांढरी टोपी, पांढरं धोतर उन्हात तळपतंय आणि शेजारी सावळा चेहरा सावलीत आहे. किंवा कानबाईच्या रात्रीचा घ्या, जागरणातला, समईचा पिवळा उजेड एकीकडे आणि एलईडी माळेचा निळा उजेड दुसरीकडे. अशा फोटोत साइटचा कस लागतो.

तयार झालेली जेपीजी मोठ्या पडद्यावर उघडा आणि या क्रमाने बघा.

पिक्सेल. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', 'डायमेन्शन्स'. मूळ ६००० बाय ४००० आणि हाती आली १६१६ बाय १०८०? मग साइटने रॉ उलगडलीच नाही. कॅमेऱ्याच्या पाठच्या पडद्यावर दाखवण्यासाठी जवळपास प्रत्येक रॉमध्ये एक तयार जेपीजी दडलेली असते, तीच काढून दिली. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत ती नेमकी १६१६ बाय १०८० असते. ३०० च्या हिशोबाने ती छापली तर सुमारे ५.४ बाय ३.६ इंच, म्हणजे अल्बमच्या कोपऱ्यापुरती. दहा-वीस पिक्सेलचा फरक असेल तर सोडून द्या, वेगवेगळं सॉफ्टवेअर कडा थोड्या कमी-जास्त ठेवतं.

काही कॅमेऱ्यांत ही दडलेली जेपीजी पूर्ण आकाराची असते. मग पिक्सेल बरोबर दिसतील, रंगही कॅमेऱ्यासारखेच. नातेवाइकांना फोटो निवडायला पाठवण्यासाठी तेवढं पुरे, उलट झटपट काम होतं. पण उजेड दुरुस्त करायला गेलात तर त्यात रॉची ताकद नाही हे लक्षात ठेवा.

पांढरं. उन्हातली टोपी मोठी करून बघा. ती गुलाबी किंवा जांभळट दिसली तर साइटला त्या कॅमेऱ्याचा उजेडाचा कमाल टप्पा नीट कळलेला नाही. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या ढिगाचे फोटो असेच गुलाबी होतात. हे नंतर फोनमध्ये फिल्टर लावून निघत नाही. साइट बदला.

रंगाचा कल. काही साइट कॅमेऱ्याने नोंदवलेला व्हाइट बॅलन्स, म्हणजे त्या उजेडात पांढरं कशाला धरायचं ती खूण, वाचत नाहीत, दिवसाचा उजेड धरूनच फोटो उलगडतात. मग समईच्या उजेडातला फोटो नारिंगी होतो. हळदीचं उलटं. तिथे चौकटीभर पिवळं असतं आणि कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्सच गोंधळून निळ्याकडे जातो. पर्याय असेल तर साधारणपणे 'कॅमेरा' किंवा 'अ‍ॅज शॉट' निवडा. हळदीच्या फोटोंना मात्र एखाद्या पांढऱ्या वस्तूवर, उपरण्यावर किंवा भिंतीवर, ड्रॉपर (रंग उचलायचं साधन) टेकवून स्वतः ठरवा.

काळोख. कॅमेऱ्यात फोटो छान उजळ होता, जेपीजी काळपट आली. साइट बिघडलेली असेलच असं नाही. कॅननचा 'हायलाइट टोन प्रायॉरिटी', निकॉनचा 'अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग', फुजीचा 'डीआर ४००' हे पर्याय चालू असले की कॅमेरा उन्हातलं पांढरं वाचवण्यासाठी नोंद मुद्दाम कमी उजेडाची करू शकतो आणि नंतर जेपीजीत उचलून घेतो. साइटला ही खूण वाचता आली नाही तर उचलण्याचं काम राहूनच जातं. अशा फायली कंपनीच्याच सॉफ्टवेअरने उघडा.

दाणे आणि कडा. रात्रीच्या फोटोत दाणे जास्त दिसतील, मंडपाचा खांब किंचित वाकलेला दिसेल, कोपरे काळे वाटतील. कॅमेरा जेपीजी करताना हे सगळं आपोआप निस्तरत असतो, बऱ्याच साइट ते करत नाहीत. कृष्णधवल लावून काढलेला फोटो रंगीत निघाला तरी दचकू नका, रॉमध्ये रंग असतातच.

उभा-आडवा. उभा फोटो आडवा झोपला असेल तर साइटने दिशेची खूण टाकून दिली.

वरच्या तपासणीत पांढरं, रंग आणि पिक्सेल यांपैकी एकही नापास झालं तर त्या साइटवर पुढे वेळ घालवू नका.

## ६. मग बाकीच्या, गठ्ठ्यागठ्ठ्याने

आधी निवड करा. सातशे फोटो काढले म्हणून सातशे कन्व्हर्ट करायचे नसतात. डोळे मिटलेले, हललेले, एकाचे चार काढलेले बाजूला सारा.

मग हिशोब. २५ एमबीचे ३०० फोटो म्हणजे ७.५ जीबी. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट (आठ बिटचा एक बाइट), असेल तर एका फोटोला ४० सेकंद, तीनशेला ३ तास २० मिनिटं, आणि डाउनलोड वेगळा. मोबाइलचा दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर हे काम चार दिवसांतही धड होणार नाही. स्पीड टेस्टमध्ये लोक डाउनलोडचा आकडा बघून खूश होतात, इथे अपलोडचा लागतो.

वीस-पंचवीस फायलींचा एक गठ्ठा करा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, लॅपटॉप तापतो, लाईटही दगा देते. गठ्ठा छोटा असेल तर तुटलं तरी पंचविसावरच निभावतं. मोबाइलवर करत असाल तर ब्राउझर सोडून मधेच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊ नका, पान पुन्हा पहिल्यापासून उघडतं आणि अपलोड जातो.

तपासा: प्रत्येक गठ्ठ्यानंतर चढवलेल्या आणि उतरवलेल्या फायलींची संख्या जुळवा. एखादी फाइल नापास झाली तरी काही साइट गाजावाजा न करता उरलेल्यांची झिप देतात. पंचवीस गेल्या आणि चोवीस आल्या, तर कुठली राहिली ते तिथल्या तिथे शोधा. आठ दिवसांनी कन्यादानाचाच फोटो नाही असं कळण्यापेक्षा हे बरं.

## ७. नावं, ठिकाणाची खूण आणि पोचवणं

दोन कॅमेरे होते का? मग एकाच क्रमांकाचे दोन फोटो असणारच, शिवाय ९९९९ नंतर कॅमेरा पुन्हा १ पासून मोजतो. एका फोल्डरमध्ये टाकताना 'रिप्लेस' दाबलंत तर एक फोटो गेला. म्हणून कॅमेऱ्यागणिक फोल्डर वेगळे ठेवा, किंवा नावापुढे तारीख आणि कॅमेऱ्याचं अक्षर जोडा. मूळ क्रमांक मात्र पुसू नका, अल्बम डिझायनरने 'या नंबरची रॉ पाठवा' म्हटलं तर शोधायची कशी?

ठिकाणाची खूण हा वेगळा आणि गंभीर विषय. फोनने काढलेल्या किंवा फोनच्या अ‍ॅपला जोडलेल्या कॅमेऱ्याच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात आणि कन्व्हर्ट केल्यावरही ते टिकू शकतात. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळलेला रानपिंगळा, हे छोटं घुबड, आजही दुर्मीळ आहे. सातपुड्यात तुम्हाला त्याची ढोली दिसली असेल तर त्या फोटोतली जागा काढल्याशिवाय तो कुठेही टाकू नका. विंडोजमध्ये 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', आणि खाली 'रिमूव्ह प्रॉपर्टीज' असा पर्याय आहे. लग्नघराचे फोटो सगळ्यांसाठी खुले टाकतानाही हेच करा.

लॅबला व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचं असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. गॅलरीतून फोटो म्हणून पाठवलात की पिक्सेल घटतात, आणि इतकी मेहनत घेऊन वाचवलेला फोटो शेवटच्या पायरीला वाया जातो. घरच्यांना झिप देऊ नका, उघडून फोल्डर द्या, आणि पेनड्राइव्ह एकदा टीव्हीला लावून बघा. सर्व्हरवर फायली चढवल्या असतील तर आता तिकडून पुसा.

## ऑनलाइन जमत नसेल तर

शंभराच्या वर फोटो असतील तर ऑनलाइनचा नाद सोडलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅननचं 'डिजिटल फोटो प्रोफेशनल', निकॉनचं 'एनएक्स स्टुडिओ', सोनीचं 'इमेजिंग एज' ही सॉफ्टवेअर कंपन्या मोफत देतात. एकदा डाउनलोड केलं की नेटशिवाय शेकडो फोटो रात्रभरात निघतात, आणि काळपट फोटोची अडचण तिथे येत नाही, कारण कॅमेऱ्याच्या खुणा त्यांना वाचता येतात. 'डार्कटेबल' आणि 'रॉथेरपी' हीसुद्धा मोफत आहेत, पण शिकायला वेळ द्यावा लागतो.

जुन्या फोटोशॉपला नव्या कॅमेऱ्याची फाइल उघडत नसेल तर अ‍ॅडोबीचा मोफत 'डीएनजी कन्व्हर्टर' घ्या. तो रॉची डीएनजी करतो, पुढचं काम नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं.

आणि लॅपटॉपच नसेल तर कॅमेऱ्याच्या मेनूत बघा. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत 'रॉ इमेज प्रोसेसिंग' आणि निकॉनमध्ये 'एनईएफ रॉ प्रोसेसिंग' असतं. फोटो निवडा, व्हाइट बॅलन्स आणि उजेड ठरवा, जेपीजी त्याच कार्डावर तयार होते. पाच-दहा फोटो तातडीने द्यायचे असतील तर ही सगळ्यात सरळ वाट आहे, फक्त बॅटरी भरलेली ठेवा.